पाठविणारा आणि पाठविलेला

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले. त्यानंतरच्या रविवारी आमच्या शब्बाथशाळेत नेमलेल्या पाठाकडे एकाही मुलाचे लक्ष नव्हते. बाईंनी शहाणपणाने पाठ बाजूस ठेवला आणि मुलांना बोलू दिले. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, आत माणूस नव्हता तरी यान नीट उतरलं. मग लोक माणसाला कशाला पाठवतात? तो मेला तर?"

बाई म्हणाल्या, "अरे, जाणारे शूर असतात. ते आपणहून जातात."

मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण बाई, जे पाठवतात, त्यांना माहीत असतं का तो मरेल म्हणून? आणि माहीत असलं तर ते त्याला सांगतात का?"

तेवढ्यात उपासनेची घंटा झाली आणि वर्ग सुटला. बाईंनी तो प्रश्न आमच्याकडे आणला. आम्हांसही त्याचे उत्तर चटकन देता आले नाही, म्हणून हा लेख.

अंतराळाच्या बातम्यांत 'मिशन' हा शब्द वारंवार येतो. आपल्या लोकांस तो परका नाही. मिशन शाळा, मिशन दवाखाना, मिशन कंपाउंड हे शब्द आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. ज्या लॅटिन क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थ 'पाठविणे' एवढाच आहे. आपल्या 'प्रेषित' या शब्दातही तोच अर्थ आहे. तेव्हा प्रत्येक मिशनात दोघे असतात : एक पाठविणारा आणि दुसरा पाठविलेला. अंतराळाचा इतिहास सांगताना आपण दुसऱ्याचे गुण गातो, पहिल्याकडे हिशेब मात्र क्वचितच मागतो. त्या मुलाने नेमका तोच मागितला.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. पुढे चार महिन्यांच्या आत, ३१ जानेवारी १९५८ रोजी, अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ वर गेला. त्याचे वजन १४ किलोच्या आसपास. परंतु त्यातील एका लहानशा उपकरणामुळे जेम्स व्हॅन ॲलन या शास्त्रज्ञास पृथ्वीभोवती तीव्र किरणोत्साराचे पट्टे असल्याचा शोध लागला. १९५९ च्या ऑक्टोबरात लुना-३ ने चंद्राच्या पाठीमागील बाजूची छायाचित्रे पाठविली. ती बाजू तोवर कोणाही मनुष्याच्या दृष्टीस पडली नव्हती. शुक्रावर तर माणसाने उतरण्याची गोष्टच नको. तेथील उष्णता शिसे वितळविण्याइतकी, आणि हवेचा दाब आपल्या येथल्या दाबाच्या सुमारे ९० पट. १५ डिसेंबर १९७० रोजी व्हेनेरा-७ तेथे उतरले, २३ मिनिटे क्षीण संदेश पाठवीत राहिले आणि बंद पडले. १ मार्च १९८२ रोजी उतरलेल्या व्हेनेरा-१३ कडून ३२ मिनिटांच्या कामाची अपेक्षा होती. ते १२७ मिनिटे टिकले आणि त्याने शुक्राच्या भूमीची रंगीत चित्रे पाठविली. १९७७ साली निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांनी गुरू व शनी पाहिले, दुसऱ्याने युरेनस व नेपच्यूनही पाहिले, आणि पुढे दोन्ही याने ताऱ्यांमधील पोकळीत शिरली.

यांपैकी कितीतरी यंत्रे जळाली, चिरडली, हरवली. पण त्यांच्यामुळे कोणाच्या घरची चूल थंड पडली नाही. असे असताना माणूस कशाला, हा मुलाचा पहिला प्रश्न वाजवीच म्हटला पाहिजे.

आता माणसाची बाजू. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोची सहा याने चंद्रावर उतरली. बारा माणसे तेथे चालली आणि त्यांनी ३८२ किलो दगडमाती परत आणली. याच सुमारास रशियाच्या तीन यंत्रांनीही चंद्रावरची माती आणली. ती तिन्ही मिळून सुमारे ३०० ग्रॅम. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ मधून हॅरिसन श्मिट हे भूगर्भशास्त्रज्ञ गेले होते. एका विवराच्या काठी चालताना त्यांना पायाखालची माती नारिंगी दिसली. ते थांबले, त्यांनी चर खणला, नमुने घेतले. ती माती म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या ज्वालामुखीच्या काचेचे बारीक मणी निघाले. जाणत्याची नजर आणि हात एके ठिकाणी असले की काम कसे होते, ते यावरून कळते. श्मिट व त्यांचे सोबती यूजीन सर्नन यांची गाडी तीन दिवसांत सुमारे ३५ किलोमीटर फिरली. मंगळावरील ऑपॉर्च्युनिटी ही यंत्रगाडी अतिशय गुणी; पण तिला ४५ किलोमीटर चालावयास २००४ ते २०१८ अशी चौदा वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असेल. १९६८ च्या नाताळच्या आदल्या रात्री अपोलो-८ मधील तिघांनी चंद्राभोवती फिरत असताना उत्पत्तीच्या पुस्तकातील आरंभीची वचने वाचली आणि ती पृथ्वीवर असंख्य लोकांनी ऐकली. यंत्र चित्र पाठवील. ते पाहून त्याचे मन भरून येणार नाही.

परंतु या सुंदर गोष्टींनी आपण भारावून जाऊ नये. चंद्रावर उतरलेल्या बारा जणांत व्यवसायाने शास्त्रज्ञ असे एकटे श्मिट होते, आणि तेही शेवटच्या फेरीत. ती माणसे मुख्यतः ज्ञानासाठी पाठविली गेली असे म्हणणे खरेपणाचे होणार नाही. दोन बलाढ्य राष्ट्रांची चढाओढ चालली होती. यंत्राच्या हाती न लागणारे ज्ञान माणसाच्या हाती लागते, हे खरे. पण म्हणून माणसास पाठविण्याचा हक्क आपोआप मिळतो काय? येथे आपण मुलाच्या दुसऱ्या प्रश्नापाशी येतो.

पाठविलेल्यांत सर्वांत दुबळी होती लायका नावाची कुत्री. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी तिला स्पुटनिक-२ मधून पाठविण्यात आले. तिला परत आणण्याची सोयच त्या यानात नव्हती आणि पाठविणाऱ्यांस हे पुरते ठाऊक होते. ती काही दिवस जगली असे जगास सांगण्यात आले. वास्तविक ती उष्णतेने व भीतीने काही तासांतच मेली होती, हे २००२ साली उघड झाले. तिला ज्यांनी तयार केले त्यांपैकी ओलेग गाझेन्को या शास्त्रज्ञांनी १९९८ साली मॉस्को येथे कबुली दिली की, जसजसा काळ जातो तसतसा आपल्याला अधिक पश्चात्ताप होतो. त्या प्रयोगातून जे कळले ते तिच्या मृत्यूचे मोल ठरण्याइतके नव्हते. चाळीस वर्षांनंतर का होईना, पाठविणाऱ्याने हिशेब दिला. लायकाला विचारणे शक्य नव्हते. माणसाला विचारता येते. म्हणूनच माणसाच्या बाबतीत जबाबदारी वाढते. तो 'हो' म्हणाला म्हणून ती संपत नाही.

हे जगातील राष्ट्रांस ठाऊक नव्हते असे नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी वॉशिंग्टन, लंडन व मॉस्को येथे अंतराळविषयक करार सह्यांसाठी खुला झाला. अंतराळवीर हे अखिल मानवजातीचे दूत समजले जावेत आणि संकटात त्यांस सर्वतोपरी साहाय्य दिले जावे, असे त्या करारात आहे. म्हणजे पाठविणारे आपण सर्वच ठरलो. पण योग असा की, त्याच दिवशी संध्याकाळी फ्लॉरिडात, जमिनीवरच उभ्या असलेल्या अपोलो-१ च्या कोठडीत चाचणी चालू असताना आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तिघे मृत्यू पावले. कोठडीत निव्वळ प्राणवायू भरलेला होता, जळाऊ वस्तू पुष्कळ होत्या, आणि दार आतल्या बाजूस उघडणारे असल्यामुळे ते वेळेवर उघडले नाही. पुढे दार बदलले, चाचणीच्या वेळची हवा बदलली, जळाऊ सामान काढले. ३० जून १९७१ रोजी सोयुझ-११ मधील तिघे रशियन पृथ्वीवर परतताना कोठडीतील हवा निघून गेल्याने मेले. तीन माणसे पोशाखांसह मावत नाहीत म्हणून त्यांना दाबाचे पोशाख दिलेच नव्हते. पुढच्या उड्डाणांत दोघांनाच पाठविले आणि पोशाख दिले. दोन्ही ठिकाणी सुधारणा शक्य होती, हे नंतर केलेल्या सुधारणेनेच सिद्ध झाले.

तरी या दोन अपघातांत ढिलाई व घाई होती असे म्हणता येईल. यापुढील घटना अधिक गंभीर आहे, कारण तीत काही जणांस धोका दिसत होता.

१९८६ च्या जानेवारीत, २४ तारखेला, व्हॉयेजर-२ युरेनस ग्रहाजवळून गेले आणि त्याने त्याचे दहा नवे उपग्रह दाखवून दिले. त्यानंतर चारच दिवसांनी, २८ जानेवारीस, चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. आत सात माणसे होती. त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ नावाच्या शाळाशिक्षिका होत्या आणि देशभरच्या शाळांतून मुले दूरचित्रवाणीवर पाहत होती. कारण निघाले ते असे : बाजूच्या रॉकेटाचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या थंडीने कडक होत आणि मग सांध्यातून गरम वायू निसटे. त्या सकाळी हवा सुमारे २ अंश सेल्सियस होती. आदल्या रात्री रॉकेट बांधणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी, त्यांत रॉजर बॉइजोली होते, दूरध्वनीवरील बैठकीत सांगितले होते की, १२ अंशांखाली उड्डाण करू नये. अंतराळ संस्थेच्या अधिकाऱ्यांस ते रुचले नाही. कंपनीच्या वरिष्ठांनी आपसांत चर्चा केली. तीत एकाने दुसऱ्यास अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास सांगितले. अभियंत्यांचा विरोध कायम असता वरिष्ठांनी संमती कळविली.

यानात बसावयास निघालेल्या त्या सात जणांस या बैठकीची वार्ताही नव्हती.

चौकशी मंडळातील एक सभासद, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन, यांनी बर्फाच्या पाण्यात त्या रबराचा तुकडा बुडवून सर्वांसमक्ष तो कसा कडक होतो ते दाखविले. त्यांनी दाखविलेली दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. यान नष्ट होण्याचा संभव किती, असे विचारले असता वरचे अधिकारी लाखात एक म्हणत; प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एकाच्या आसपास म्हणत. एकाच यानाविषयी एकाच संस्थेत दोन आकडे नांदत होते. आता सांगा, मॅकऑलिफबाईंनी 'हो' म्हटले ते कोणत्या आकड्यास? त्या आपणहून गेल्या, हे खरे. त्या शूर होत्या, हेही खरे. पण ज्या धोक्याची कल्पनाच दिली गेली नाही, त्या धोक्यास संमती होती असे कसे म्हणावे? शौर्य जाणाऱ्याचे असते. पाठविणाऱ्याने ते आपल्या मौनावर पांघरूण म्हणून घेऊ नये.

वाटले होते, हा धडा पुरेल. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान सोळा दिवसांच्या शास्त्रीय प्रयोगांसाठी निघाले. हरियाणातील कर्नालची कन्या कल्पना चावला त्यात होती. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत टाकीवरील फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. ते चित्रफितीत दिसले. काही अभियंत्यांनी, अंतराळातच त्या पंखाची छायाचित्रे घेववावीत, अशी मागणी केली. व्यवस्थापकांनी ती पुढे जाऊ दिली नाही. यानातील लोकांस आठव्या दिवशी कळविण्यात आले की, आघात झाला खरा, पण काळजीचे कारण नाही. १ फेब्रुवारीस परततेवेळी यान फुटून सातही जण गेले. चौकशी मंडळाने संस्थेच्या वागण्याच्या रीतीस फेसाच्या तुकड्याइतकेच जबाबदार धरले. शिवाय त्याने असाही हिशेब मांडला की, वेळीच कळले असते तर अटलांटिस यान घाईने सिद्ध करून त्यांच्या सुटकेचा प्रयत्न तरी करता आला असता.

येथे वाचक म्हणतील की, सर्व धोके असे मोजून सांगत बसले तर कोणी जाणारच नाही आणि ज्ञानाची वाट खुंटेल. या आक्षेपास इतिहासानेच उत्तर दिले आहे. हबल दुर्बीण १९९० साली अंतराळात गेली. तिच्या आरशात दोष निघाला आणि १९९३ साली अंतराळवीरांनीच वर जाऊन तो निस्तरला. कोलंबियानंतर, २००४ साली, दुरुस्तीची शेवटची फेरी धोक्यामुळे रद्द झाली. यंत्रमानव पाठवावा काय, याचाही विचार झाला. शेवटी २००६ साली माणसेच पाठविण्याचे ठरले, पण आता रीत बदलली होती. ११ मे २००९ रोजी अटलांटिस निघाले तेव्हा शेजारच्या उड्डाणतळावर एंडेव्हर हे दुसरे यान तयार उभे होते. पंखास इजा झालीच तर वरच्या सात जणांना आणण्यासाठी ते होते. धोका काय, तो जाणाऱ्यांस ठाऊक होता. तरीही ते गेले. एका उपकरणाच्या दुरुस्तीत एक कठडा आड आला, त्याचा बोल्ट काही केल्या फिरेना. तेव्हा मायकेल मॅसिमिनो यांनी तो कठडा हाताने हिसडून मोडला व पुढचे काम केले. ती दुर्बीण २०२५ सालीही आकाश पाहत होती. एंडेव्हरला सुटकेसाठी जावे लागले नाही. म्हणून त्याची तयारी व्यर्थ गेली असे कोण म्हणेल?

आपल्या देशातही गगनयानातून माणसे पाठविण्याच्या तयारीत याचे भान दिसते. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे जी चाचणी झाली ती वर जाण्याची नव्हती. संकटात माणसांची कोठडी रॉकेटापासून सुटून सुखरूप समुद्रात उतरते की नाही, हे पाहण्याची होती. त्या सकाळी मोजणी अवघी पाच सेकंद उरली असता संगणकाने उड्डाण रोखले. सारा देश पाहत होता, तरी थांबले, दोष शोधला आणि मग सोडले. आधी सुटकेची वाट, मग जाण्याची. हा क्रम आम्हांस फार बोलका वाटतो.

आता आम्हांस एक कबुली दिली पाहिजे, कारण ती दिल्यावाचून वरचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. काही वर्षांमागे आमच्या कमिटीने एका तरुण शिक्षकास ओढ्यापलीकडच्या वाडीवर मुलांचा वर्ग घेण्यास पाठविले. पावसाळ्याचे दिवस होते. तो ओढा तासाभरात चढतो आणि आदल्या वर्षी एक गडी त्यात काही अंतर वाहून गेला होता, हे आम्हांस माहीत होते. आम्ही ते सांगितले नाही. सांगितले तर तो जाणार नाही आणि दुसरे कोणी मिळणार नाही, असा आमचा हिशेब. रात्री उशिरा तो भिजून, खरचटून परत आला. सकाळी त्याने एवढेच विचारले, "काका, तुम्हांला ठाऊक होतं का?"

आम्ही मान खाली घातली. तो म्हणाला, "सांगितलं असतं तरी गेलो असतो. पण मग संध्याकाळ व्हायच्या आत निघालो असतो."

त्या पुढच्या आठवड्यात कमिटीने दोर विकत घेतला, आणि ओढ्यावर पोचवावयास वाडीतला एक जण येऊ लागला. दोर किती रुपयांचा? पण तो घेण्याआधी एक माणूस पाण्यात उतरावा लागला.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नास आम्ही असे उत्तर देऊ. बाळ, जिथे यंत्राने काम भागते तिथे यंत्रच पाठवावे. जिथे माणसाची नजर आणि हातच हवे असतात तिथे माणसाने जाण्यात पाप नाही. पण पाठविणाऱ्याने आपल्याला जे जे ठाऊक ते सारे त्याला सांगावे, त्याचे 'नाही' ऐकण्याची तयारी ठेवावी, आणि त्याला परत आणण्यासाठी आपल्या हाती असेल ते आधी करून ठेवावे. तू विचारलेस, पाठविणाऱ्यांना माहीत असते का? पुष्कळदा असते. ते सांगतात का? कधी सांगितले, कधी नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, मुलांना चंद्रावरच्या पावलांची गोष्ट जरूर सांगावी. तिच्याबरोबर चॅलेंजरच्या आदल्या रात्रीची बैठकही सांगावी, आणि शेजारच्या तळावर उभ्या राहिलेल्या एंडेव्हरचीही. उद्या याच मुलांतून कोणी अंतराळात जाईल की नाही, हे देव जाणे. पण यांतले पुष्कळ जण कोठेतरी, कोणाला तरी, कशासाठी तरी पाठविणार आहेत.